लिंक पाठवली म्हणजे आमंत्रण झाले असे नाही

पत्र

आमच्या बागप्रेमी मंडळाचे ४३ सभासद आहेत आणि त्यांतील बहुतेक जण निवृत्त आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी पाच वाजता विश्रामबागेतील एका शाळेच्या वर्गात आमची बैठक भरते. पावसाळ्यात हरिपूर आणि सांगलवाडीचे सभासद येऊ शकत नाहीत, शिवाय सहा-सात जण मुलांकडे पुण्याला राहायला गेले आहेत, म्हणून गेल्या महिन्याची बैठक आम्ही झूमवर घेतली. १९ जण आले आणि शेवटपर्यंत ११ टिकले. कोणाचा आवाज घुमत होता, एकांच्या घरी टीव्ही चालू होता, अध्यक्षांच्या चेहऱ्याऐवजी छताचा पंखा दिसत होता, सुरुवातीच्या प्रार्थनेचा तर पार विचका झाला आणि पाहुण्या तज्ज्ञांचे बोलणे रंगात आले असतानाच ४० मिनिटे भरून आम्ही सगळेच बाहेर पडलो. तीन ज्येष्ठ सभासदांनी 'हे आमचे काम नव्हे' असे कळवले आहे. त्यांत आमचे गुलाबाचे जाणकार अण्णाही आहेत. मी सर्वांना आधी दीड पानी सूचना पाठवल्या होत्या, त्यांची प्रत सोबत जोडली आहे. पुढच्या बैठकीआधी सभासदांची तयारी कशी करून घ्यावी?

— मंडळाची चिटणीस, सांगली

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या सूचना मी दोनदा वाचल्या. त्यांत चूक एकही नाही, आणि तरीही त्यांचा उपयोग झाला नाही, याचे कारण सभासदांच्या आळसात शोधू नका. ज्या फोनवर सूचना वाचायची त्याच फोनवर ती अमलात आणायची असते, आणि लिंकवर बोट ठेवल्याबरोबर सूचना पडद्याआड जाते. म्हणजे नेमकी गरज पडते त्या क्षणी ती हाताशी नसते, आणि पुन्हा ती पाहायला मागे जावे तर बैठक कुठे गेली ते सापडत नाही. आपल्या-माझ्यासारख्यांना या येण्याजाण्याची सवय झालेली असते म्हणून हे लक्षात येत नाही. दीड पानातील मोजके तेवढे एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठळक अक्षरांत उतरवून घ्या आणि तो कागद फोनशेजारी ठेवायला सांगा. त्या कागदावर काय असावे ते पुढे लिहितेच, पण त्याआधी एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते.

कोरोनाच्या टाळेबंदीत माझ्या मिरजेच्या मावशीच्या भजनी मंडळाने व्हिडिओ कॉलवर बैठक घ्यायचे ठरवले. मावशी तेव्हा ७८ वर्षांची होती. बैठक चारची, तर ती साडेतीनलाच इस्त्रीचे पातळ नेसून, केसांत मोगऱ्याचा गजरा माळून फोनपुढे बसली. फोनने काहीतरी विचारले, तिने सावधपणाने 'नाही' म्हटले, पुन्हा विचारले, पुन्हा 'नाही' म्हटले, आणि नंतर समोर बायकांची तोंडे हलताना दिसली तरी हिचे बोलणे कोणालाही ऐकू जाईना. सहा वाजेपर्यंत ती तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा बैठक फार छान झाली असे तिने मला सांगितले. खरा प्रकार महिन्याने कळला. फोनने माईक वापरण्याची परवानगी मागितली होती, आणि अलीकडच्या अँड्रॉइड फोनवर दोनदा नकार दिला की ते ॲप तो प्रश्न पुन्हा विचारत नाही. मग सेटिंग्जमध्ये जाऊनच परवानगी द्यावी लागते. दुरुस्ती अर्ध्या मिनिटाची होती, पण विचारणार कोणाला आणि कोणादेखत?

आपल्या अण्णांचे 'हे आमचे काम नव्हे' मला याच जातीचे वाटते. उभा जन्म ज्या माणसाने चारचौघांत अधिकाराने बोलण्यात घालवला, त्याला चारचौघांदेखत 'अण्णा, माईक चालू करा, अण्णा, खालचे बटण, नाही नाही, ते नव्हे' असे ऐकून घ्यावे लागणे ही साधी गोष्ट नाही. म्हणून तयारी बैठकीच्या आधी, एकेकाची स्वतंत्र आणि शक्यतो त्याच्या घरी व्हायला हवी. बैठकीच्या आरंभी दहा मिनिटे 'आवाज येतोय का' करण्यात घालवणे ही तयारी नव्हे. ती सर्वांसमक्ष घेतलेली परीक्षाच होते.

हे काम एकट्या चिटणीसाचे नाही. ज्यांना व्हिडिओ कॉल सहज जमतो असे सहा-सात सभासद निवडा आणि प्रत्येकाकडे पाच-सहा जण सोपवा. वाटणी वस्तीप्रमाणे करावी, म्हणजे हरिपूरच्यांना हरिपूरचा आणि सांगलवाडीच्यांना सांगलवाडीचाच माणूस मिळेल. घरातील नातवंडांवर हे काम मुळीच सोपवू नका. नातू प्रेमळ असतो, हुशारही असतो, पण आजोबांच्या हातातून फोन घेऊन तो अंगठ्याने चार ठिकाणी टिचक्या मारतो, 'झालं' म्हणतो आणि खेळायला निघून जातो. आजोबांनी त्यात काहीच पाहिलेले नसते. आपल्या मदतनीसांना एकच कडक नियम घालून द्या की सभासदाच्या फोनला त्यांनी हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचे आणि हात पाठीमागे बांधून बसायचे. वेळ तिप्पट लागेल, पण बोटाला जी वाट कळते ती कानाला कळत नाही. पुण्याला असलेल्या सभासदांना हे फोनवरून शिकवता येईल. मात्र ज्या फोनवर शिकायचे त्याच फोनवर बोलणे चालू असले की गोंधळ होतो, म्हणून बोलण्यासाठी घरातला दुसरा फोन घ्यायला सांगा.

शिकवायच्या गोष्टी चारच ठेवा. लिंक कशी उघडायची, परवानगी मागितली की 'हो' कसे म्हणायचे, माईक बंद-चालू कसा करायचा आणि बाहेर पडलो तर परत कसे यायचे. पार्श्वभूमीला समुद्र कसा लावावा, टाळ्यांचे चित्र कसे पाठवावे, गप्पांच्या खिडकीत कसे लिहावे हे सारे आपल्या दीड पानात आहे. ते निर्दयपणे काढून टाका.

यांतील लिंकची गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. आपण शनिवारी गटावर लिंक टाकता, त्यावर बारा जण हात जोडतात, रविवारी सकाळी शुभ प्रभातची फुले येतात, कोणीतरी गुडघेदुखीवरचा काढा पाठवतो, आणि पाचच्या ठोक्याला लिंक शोधणाऱ्याला ती पन्नास संदेशांच्या वर कुठेतरी गडप झालेली असते. व्हॉट्सॲपच्या गटात एखादा संदेश वर टाचून ठेवण्याची ('पिन' करण्याची) सोय आहे आणि तो ३० दिवसांपर्यंत टाचलेला राहू शकतो. लिंक तिथे ठेवा. शिवाय बैठकीच्या पंधरा मिनिटे आधी ती पुन्हा टाका आणि त्यानंतर अर्धा तास गटावर दुसरे काही कोणी टाकणार नाही एवढे सर्वांकडून कबूल करून घ्या. दर महिन्याला नवी लिंक देण्याचे कारण नाही. झूमऐवजी मी पुढे गुगल मीट सुचवणार आहे; त्यासाठी गुगल कॅलेंडरमध्ये दर महिन्याची पुनरावृत्ती होणारी बैठक नोंदवली की तीच लिंक पुन्हा पुन्हा चालते, आणि रस्ता एकदा पायाखालचा झाला की माणूस पत्ता विचारत बसत नाही.

परवानगीचे वर आलेच आहे. माईक आणि कॅमेरा या दोन्हींसाठी फोन स्वतंत्रपणे विचारतो आणि दोन्हींना 'ॲप वापरत असताना' या अर्थाचा पर्याय निवडायचा असतो. मदतनीसांनी पहिल्या भेटीत हे करून घेतले की पुढे तो प्रश्न येत नाही. आपण झूमच चालू ठेवणार असाल तर आत आल्यावर आवाजासाठी इंटरनेट वापरण्याचे बटण वेगळे दाबावे लागते, आणि 'मला सगळे दिसतात पण ऐकू येत नाही' या तक्रारीचे कारण बहुधा तेच असते.

माईकच्या बाबतीत चित्र ओळखता येणे पुरेसे आहे. माईकच्या चित्रावर तिरकी रेघ असेल तर आपले बोलणे बाहेर जात नाही, रेघ नसेल तर जाते. पोस्टकार्डावर ही दोन चित्रे पेनाने काढा, छापील मजकुरापेक्षा ती अधिक उपयोगी पडतात. खालच्या बाजूची बटणांची पट्टी थोड्या वेळाने आपोआप नाहीशी होते आणि पडद्यावर कुठेही एकदा बोट टेकवले की परत येते, हेही आवर्जून दाखवा, कारण पट्टी गेली म्हणजे आपल्या हातून काही बिघडले अशी पुष्कळांची समजूत होते. आपल्या मंडळींना आणखी एक प्रश्न पडेल की चिटणीसांना जर आमचा माईक बंद करता येतो, तर त्यांनीच तो चालूही का करू नये. तसे करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बैठक चालवणारा फार तर विनंती करू शकतो. दुसऱ्याच्या घरातला माईक परस्पर चालू करण्याची मुभा असती तर त्या घरातले काय काय बाहेर ऐकू आले असते याचा विचार करा. माईक चालू करणे हे ज्याचे त्यालाच जमले पाहिजे, आणि म्हणून तयारीच्या भेटीतला अर्धा वेळ या एका बटणावर खर्च झाला तरी तो वाया जाणार नाही.

चौथी गोष्ट, बाहेर पडणे. लाल रंगाचे बटण माईकच्या बटणाच्या ओळीतच असते आणि बोट चुकून त्यावर पडतेच. मदतनीसाने पहिल्याच भेटीत सभासदाला मुद्दाम दोनदा बाहेर पडायला लावावे आणि दोनदा परत यायला लावावे. आठ जण आपल्या बैठकीतून मध्येच गेले, त्यांतील निम्मे तरी चुकून बाहेर पडले असावेत आणि परत येणे वाईट दिसेल म्हणून थांबले असावेत असा माझा तर्क आहे. त्यांना एकेकाला फोन करून पाहा.

हजेरीचाही एक घोळ ध्यानात ठेवा. गुगल मीटमध्ये माणसाचे नाव त्याच्या गुगल खात्यावरून येते, आणि खाते बहुधा घरातल्या मुलाने उघडून दिलेले असते. परिणामी ७० वर्षांचे निवृत्त मामलेदार 'चिंटू' या नावाने बैठकीत अवतरतात आणि एखाद्या काकू सुनेच्या नावाने येतात. झूममध्ये तर कित्येकदा फोनच्या कंपनीचेच नाव दिसते. नावे बदलण्याच्या भानगडीत सभासदांना पाडू नका. कोण कोणत्या नावाने दिसतो याची यादी मदतनीसांकडून घेऊन ठेवा, म्हणजे दार उघडताना अनोळखी कोण आणि आपला चिंटू कोण हे आपल्याला कळेल.

आता बैठकीची जागा. बहुतेकांची बसण्याची खुर्ची खिडकीला पाठ करून असते, त्यामुळे समोरच्याला माणसाची नुसती काळी आकृती दिसते. खुर्ची फिरवून खिडकी समोर घेतली की चेहरा उजळतो. फोन हातात धरू नये. हात अवघडला की तो खाली येतो आणि मग पंखा दिसू लागतो. स्टीलच्या डब्यावर दुसरा डबा ठेवून फोन डोळ्यांच्या पातळीला आडवा टेकवावा, एवढे पुरते. दिव्याचा आणि जागेचा हा खटाटोप देखणेपणासाठी नाही. ज्या सभासदांना कमी ऐकू येते ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून अर्धे समजून घेत असतात. वर्गात त्यांना ते साधत होते, पडद्यावर चेहरा काळवंडलेला असला तर तेवढाही आधार जातो.

घुमणाऱ्या आवाजाचे कारण बहुधा आपले एखादे जोडपेच असणार. दोघेही सभासद, दोघांकडे दोन फोन आणि दोघेही एकाच खोलीत बसलेले. एका फोनमधून निघालेला आवाज दुसऱ्याचा माईक पकडतो, तो पुन्हा पहिल्यातून बाहेर येतो आणि फेरा सुरू होतो. गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर धरला की जी शिट्टी वाजते तीच ही. पतिपत्नींनी एका फोनपुढे शेजारी शेजारी बसावे, आणि तेवढे जमत नसेल तर वेगवेगळ्या खोल्यांत बसून दारे लावून घ्यावीत. जमेल त्यांनी तारेचे साधे इअरफोन लावले तर आणखी चांगले.

साधनाच्या निवडीत आपली मुख्य अडचण वेळेची आहे. झूमच्या फुकट सोयीत बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा आहे हे आपण अनुभवलेच. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर एका वेळी जास्तीत जास्त ३२ जण येऊ शकतात, म्हणजे आपले ४३ जण त्यात बसत नाहीत. गुगल मीटवर फुकट खात्याला १०० जण आणि ६० मिनिटे मिळतात, शिवाय ५५ व्या मिनिटाला सूचना येते. आपल्या मंडळाला मी मीट सुचवेन, आणि बैठक ५० मिनिटांत आटोपायचे ठरवा असेही सुचवेन. वर्गातली दोन तासांची बैठक तशीच्या तशी फोनवर आणता येत नाही. चाळिशी लावून लहान पडद्याकडे तासाहून अधिक वेळ पाहणे सत्तरीच्या डोळ्यांना झेपतही नाही.

नेटपॅकचाही हिशेब आधी सांगून ठेवा. चित्रासह तासभराच्या बैठकीला एक जीबीच्या आसपास डेटा लागू शकतो आणि पुष्कळांचा पॅक दिवसाला दीड जीबीचा असतो. रविवारी दुपारी मोबाइलवर सिनेमा पाहून झाला की पाच वाजता त्यातले फारसे उरत नाही, वेग एकदम पडतो आणि मग 'रेंज नाही' म्हणून दोष टॉवरला दिला जातो. खरोखरच रेंज कमी असेल तेव्हा आपला कॅमेरा बंद करावा. नुसत्या आवाजाला त्या मानाने फारच थोडा डेटा लागतो आणि बोलणे तुटत नाही.

हे सारे एकेकाचे झाल्यावर बैठकीआधीच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी मदतनीसाने आपापल्या पाच-सहा जणांना घेऊन पंधरा मिनिटांचा कॉल करावा. विषय काहीही चालेल, कोणाच्या कुंडीत काय फुलले आहे एवढाही पुरे. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भावे यांनी नाटकाचा खेळ उभा केला, त्या गावाला रंगीत तालमीचे महत्त्व मी सांगायला नको. सहा जणांत चुकलेले माईकचे बटण ४३ जणांत चुकत नाही.

सभासदांची तयारी म्हणून आपण विचारले आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी तयारी अध्यक्षांची करून घ्यावी लागेल. वर्गात अध्यक्षांनी 'कोणाला काही विचारायचे आहे का' म्हटले की नजरेने, हाताने, खुर्चीच्या आवाजाने उत्तर मिळते. कॉलवर या प्रश्नानंतर एक तर पूर्ण शांतता पसरते किंवा चौघे एकदम बोलू लागतात आणि चौघेही 'तुम्ही बोला, तुम्ही बोला' करून गप्प बसतात. यात असभ्यपणा कोणाचाच नसतो. आवाज पोहोचायला वेळ लागतो आणि तो प्रत्येकाला कमी-जास्त लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा हा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही, पण आपल्याकडच्या पावसाळी संध्याकाळी तो पुष्कळदा त्याहून अधिक होतो. म्हणून अध्यक्षांनी नावानेच बोलवावे, 'हरिपूरच्या काकू, आपली कढीपत्त्याची तक्रार सांगा' असे, आणि नाव घेतल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबावे, कारण काकूंना बटण शोधायला तेवढा वेळ हवा असतो. दोन सेकंदांत 'काकूंचा आवाज येत नाही, पुढे जाऊ या' म्हणणारा अध्यक्ष काकूंना पुढल्या वर्षभरासाठी गप्प करतो. हात वर करण्याचे बटण शिकवू नका, खराखुरा हात वर करायला सांगा.

प्रार्थनेचा विचका का झाला तेही यावरून कळेल. सर्वांनी एका सुरात म्हणणे या माध्यमात होतच नाही. प्रत्येकाची ओळ वेगळ्या क्षणी पोहोचते, आणि एका वेळी अनेक आवाज आले की त्यांतले काही दाबण्याचा ॲपचा स्वभाव असतो. प्रार्थना एकाने म्हणावी, बाकीच्यांनी माईक बंद ठेवून आपापल्या घरी म्हणावी. दर महिन्याला वेगळ्या सभासदाला हा मान दिलात तर त्या सभासदाचा माईक तरी त्या दिवशी नक्की चालू झालेला असेल.

आपल्या मंडळाला रोपे दाखवायची असतात, त्यासाठी निराळी खबरदारी हवी. पिठ्या ढेकूण लागलेली जास्वंदीची फांदी कॅमेऱ्यापुढे नाचवली तर समोरच्याला हिरवा धूर दिसतो, कारण हलते चित्र पाठवताना बारकावे गाळले जातात. पान उलटे करून, त्याच्या मागे पांढरा कागद धरून, सकाळच्या उजेडात फोटो काढावा आणि शनिवार सायंकाळपर्यंत आपल्याकडे पाठवावा. बैठकीत तो आपण पडद्यावर लावा आणि ज्याचे झाड त्याने बोलावे. तज्ज्ञांनाही फोटो आदल्या दिवशी मिळाले तर त्यांचे उत्तर मोघम राहणार नाही.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे, किंवा ज्यांना हे मुळीच नको आहे, त्यांना 'मागासलेले' या खात्यात टाकू नका. मदतनीसाच्या घरी त्यांतल्या तिघा-चौघांनी एकत्र बसावे, चहा घ्यावा, एका फोनपुढे किंवा टीव्हीला जोडता येत असेल तर टीव्हीपुढे. मला विचाराल तर बैठकीचा सगळ्यात चांगला आनंद तेच लुटतील. आणि जो तेथेही येणार नाही, त्याला सोमवारी फोन करून काय काय ठरले ते सांगणे हा चिटणीसाचा जुना धर्म आहे, तो फोन आल्यामुळे बदललेला नाही.

एक गोष्ट मात्र मी गंभीरपणे सांगते. अनोळखी लिंक उघडायला आणि परवानग्यांना 'हो' म्हणायला आपण वडीलधाऱ्यांना शिकवत आहोत, आणि नेमक्या याच सवयीवर भामट्यांचा धंदा चालतो. म्हणून त्याच भेटीत हेही शिकवले पाहिजे की मंडळाची लिंक फक्त चिटणीसाच्या क्रमांकावरून आणि आपल्याच गटावर येईल; बैठकीसाठी ओटीपी, बँकेचा तपशील किंवा पैसे कधीही लागत नाहीत; 'तुमचा पडदा मला दाखवा' किंवा 'हे आणखी एक ॲप टाका' असे फोनवरून कोणी सांगितले तर तो फोन तत्काळ ठेवायचा. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असे बजावणारा माणूस चोरच असतो, कारण कायद्यात अशी अटक नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर कळवायचे. हा क्रमांक पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूला लिहा.

मंडळ नोंदणीकृत असेल तर निवडणूक, वर्गणीवाढ, घटनादुरुस्ती असे विषय कॉलवर घेण्याआधी आपली घटना आणि गणपूर्तीचा नियम तपासा. त्यात व्हिडिओ बैठकीचा उल्लेख नसेल तर असे ठराव प्रत्यक्ष सभेतच करणे बरे. कॉल ज्ञानाच्या देवघेवीसाठी ठेवावा.

पुराचे दिवस यातून वगळा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, पण पाणी त्याच्या कितीतरी अलीकडे असल्यापासून कर्नाळ रस्ता आणि सांगलवाडीकडील माणसे सामान वर चढवण्याच्या मागे असतात, फोनची बॅटरी राखून ठेवायची असते आणि विजेचा भरवसा नसतो. २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना हे समजावावे लागणार नाही. अशा रविवारी बैठक रद्द करावी आणि मदतनीसांची तीच यादी कोण कुठे आहे याची चौकशी करायला वापरावी.

राहिले अण्णा. त्यांच्याकडे मदतनीस पाठवू नका, आपण स्वतः जा आणि बैठकीचा विषय काढू नका. आपल्या एखाद्या गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांची तक्रार घेऊन जा. त्यांचे सांगून झाले की म्हणा, 'अण्णा, घरी गेल्यावर छाटणी कुठे करायची ते विसरेन, मी फोन करून झाड दाखवू का?' घरी पोहोचल्यावर व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ कॉल करा, झाडापुढे फोन स्थिर धरा आणि त्यांना कातर कुठे चालवू ते विचारा. ते फांदीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, वर बोट दाखवायला लागतील आणि त्यांचे बोट आपल्याला दिसणार नाही, कारण त्यांचा फोन त्यांच्या कपाळाकडे असेल. 'अण्णा, फोन जरा डब्याला टेकवून ठेवता का?' हे वाक्य तेव्हा म्हणा.